मृत्युपत्रात सुरांचा वाटा
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या मांडवात मृत्युपत्राचा विषय काढायचा म्हणजे काहींच्या कपाळाला आठ्या पडणार, हे आम्हांला ठाऊक आहे. पण गणपती ही कलांची देवता, आणि आज बोलायचे आहे ते कलेच्या पोटापाण्याबद्दल. तेव्हा थोडा वेळ सांभाळून घ्यावे.

ग्वाल्हेरात गाणे फुकट ऐकायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांना दरबाराने सांभाळले. इथे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. 1914 मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. 1918 मध्ये पं. भातखंडे आणि माधवराव महाराजांच्या पुढाकाराने माधव संगीत विद्यालय सुरू झाले. पुढे संस्थान गेले आणि खर्चाचा बराच भार सरकारवर आला. डिसेंबरात तानसेन समारोहाला आपण शाल गुंडाळून जातो, मनसोक्त ऐकतो आणि घरी येतो. या सगळ्याचा खर्च कोण करतो, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

ज्या संस्थेमागे कायमचा निधी नसतो तिचे काय होते, त्याचे उदाहरण याच परंपरेत आहे. बाळकृष्णबुवांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, नंतर ते मुंबईला आणले. तिथे कर्ज काढून मोठी इमारत उभी केली. शिष्य होते, कीर्ती होती, श्रोते होते. पण ती इमारत कर्जापोटी लिलावात गेली. विद्या शिष्यांनी जगवली, पण वास्तू गेली ती गेलीच.

आता मुंबईचेच दुसरे उदाहरण पाहा. नरिमन पॉइंटला नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, ही संस्था आहे. जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटांच्या पाठबळाने ती 1969 मध्ये उभी केली. जमशेद हे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे धाकटे बंधू. याच संस्थेत 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ-सत्तर, कधी शंभराच्या घरात वादक एकत्र वाजवतात. आपल्या मैफलीला गवई, तबला, पेटी आणि दोन तानपुरे पुरतात. तिथे प्रत्येक वादकाचा पगार, तालमी आणि वाद्यांची देखभाल आली. नुसत्या तिकिटांवर असा वाद्यवृंद जगात सहसा कुठे चालत नाही. म्हणून परदेशात श्रोते मृत्युपत्रात आपल्या वाद्यवृंदासाठी काहीतरी ठेवून जातात.

जमशेद भाभांनी तेच केले. 2007 मध्ये ते वारले. मलबार हिलवरचा ‘मेहरानगीर’ हा भाभा कुटुंबाचा बंगला त्यांच्या मृत्युपत्राने एनसीपीएला मिळाला. जून 2014 मध्ये संस्थेने त्याचा लिलाव केला आणि 372 कोटी रुपये आले. एका माणसाच्या मृत्युपत्राने एका कलासंस्थेला एवढे बळ दिले.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. होमी भाभा राहिले ते घर स्मारक व्हावे, असे अनेकांना वाटत होते. विक्रीला विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. विक्री झाली आणि पुढे तो बंगला पाडण्यात आला. कोणी म्हणेल संगीत जगले, कोणी म्हणेल घर गेले. दोन्ही खरे आहे. उलट आपल्या ग्वाल्हेरात उस्ताद हाफिज अली खाँ यांचे वडिलोपार्जित घर कुटुंबाने जपले. त्याचे ‘सरोद घर’ हे वाद्यांचे संग्रहालय झाले. एका ठिकाणी घराचे पैसे झाले, दुसऱ्या ठिकाणी घरच संगीताचे झाले. यावरून आपण शिकायचे ते हे, की द्यायचे असेल तर घर द्यायचे की घराचे पैसे, ते देणाऱ्यानेच स्पष्ट लिहून ठेवावे.

हा प्रश्न आज आपल्या दारात आहे. लष्करातल्या जुन्या वाड्यांत आता दोन म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेल्या खोल्या आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. माळ्यावर तानपुरा, कपाटात ध्वनिमुद्रिका, आजोबांच्या हातच्या बंदिशींची वही. वाडा विकला की किंमत मुलांत वाटली जाते, ते योग्यच आहे. पण ती वही रद्दीत जाते. तानपुरा कोणाकडे जातो, ते कोणी विचारत नाही.

आम्ही सरकारी नोकर, कागदाशी रोजचा संबंध. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर चालते. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांना आतला मजकूर कळायलाच हवा असे नाही. मात्र ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, म्हणजे पुढे शंका निघत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मन बदलले तर हयातीत केव्हाही नवे करता येते. शेवटचे तेच खरे.

दुसरी, स्वतःचे असेल तेच देता येते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलामुलींचा हक्क असतो. तिथे फक्त आपल्या हिश्श्यापुरते लिहिता येते.

तिसरी, ‘संगीतासाठी काहीतरी द्यावे’ असे मोघम लिहू नये. संस्थेचे नोंदणीतले पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा. ती संस्था तेव्हा बंद झालेली असेल तर रक्कम कोणाला जावी, तेही लिहावे. शासकीय महाविद्यालय असेल तर देणगी कोणत्या नावाने घेता येते, हे आधी लेखी विचारून घ्यावे. वाद्ये आणि वह्या द्यायच्या असतील तर त्यांची यादी जोडावी, आणि त्या सांभाळायची संस्थेची तयारी आहे का तेही पाहावे. हे सगळे अमलात आणणारा एक भरवशाचा माणूस मृत्युपत्रात नेमावा. गुंतागुंत असेल तर वकिलाची फी वाचवू नये.

चौथी, रक्कम मोठीच हवी असे नाही. दोन लाख रुपये ठेवले आणि सहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार होतात. त्यात एखाद्या मुलाची गाण्याची फी निघते, तबल्याची पुडी बदलता येते. मूळ रक्कम न मोडता व्याजच वापरावे, अशी अट घालता येते. ठरावीक रकमेची किंमत वीस वर्षांत घटते, म्हणून ‘उरलेल्या ठेवींचा दहावा हिस्सा’ असे लिहिले तर अधिक चांगले.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, हे मुलांना आधी सांगावे. आई-बाबांनी परस्पर दिले, हे मागाहून कागदावर वाचून कळले की दुखावले जाते. समोर बसवून ‘अरे, एवढे तुमचे, आणि एवढे ज्या गाण्यावर आम्ही जगलो त्याचे’ असे सांगितले, तर बहुतेक मुले नाही म्हणत नाहीत. आधी मुलांची सोय, पत्नीचा किंवा पतीचा आधार, औषधपाणी. त्यातून उरेल त्यातलाच हा वाटा. घरच्यांना उघडे टाकून केलेले दान आम्ही सांगत नाही.

कोणी म्हणेल, ऑर्केस्ट्रा हे परदेशी खूळ, आपला काय संबंध? आपल्याच प्रदेशात मैहरला बाबा अलाउद्दीन खाँ यांनी 1918 च्या सुमारास साथीत अनाथ झालेल्या मुलांना जमवून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग त्यातच वाजले. तेव्हा मागे मैहरचे महाराज होते, पुढे सरकार आले. आज राजे नाहीत आणि सरकारला हजार कामे आहेत. ज्यांनी शंभर वर्षे फुकट ऐकले, त्यांच्या घरांतून थोडे परत जायला हवे.

यंदा विसर्जनानंतर घरी एक कागद घ्या. आपल्याकडे काय आहे आणि कोणाला काय द्यायचे, ते लिहा. यादीच्या शेवटी एक ओळ सुरांसाठी ठेवा. रक्कम तुमची तुम्ही ठरवा.

गणपती बाप्पा मोरया!