शेजारच्या टेबलावरचा पगार



पैशानं सुख मिळत नाही, हे व्यासपीठावरून सांगणं सोपं आहे. ज्याच्या घरी महिनाअखेरीला दुधाचं बिल थकतं, त्याला मात्र ते ऐकवू नये. त्याला पैशानं सुखच मिळतं. मुलाची फी वेळेवर जाते, दवाखान्याची धास्ती कमी होते, रात्री झोप लागते. आज मी बोलणार आहे ते ज्यांचं भागतं त्यांच्याबद्दल, म्हणजे इथं बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांबद्दल.

माझी सारी नोकरी लेखाशाखेत झाली. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६पासून लागू धरला गेला. अधिसूचना निघाली ती २०१९च्या जानेवारीत. इतकी वाट पाहिल्यावर वेतननिश्चितीचे तक्ते हाती पडले, तेव्हा कार्यालयात पेढे वाटले गेले. जुन्या मूळ वेतनाला २.५७नं गुणायचं होतं. पगार अडीचपट झाला, असं घरोघरी सांगितलं गेलं. खरं तर त्यात आधीपासून मिळणारा १२५ टक्के महागाई भत्ता मिसळलेला होता. निव्वळ वाढ भरत होती १४ टक्क्यांच्या आसपास. तीही थोडी नव्हे.

पण पेढ्यांचे खोके रिकामे होतात न होतात तोच जो तो दुसऱ्याचा तक्ता मागू लागला. ‘माझ्यामागून लागला, मग त्याचं मूळ वेतन माझ्यापेक्षा जास्त कसं?’ वेतनत्रुटीचे अर्ज सुरू झाले. आमच्यातले एक अतिशय सज्जन, कामाला वाघ असलेले सहकारी अर्जाची प्रत सदऱ्याच्या खिशात बाळगत. उघडून दाखवून दाखवून ती घडीवर फाटली, तेव्हा त्यांनी मागून चिकटपट्टी लावली. फरक होता एका वेतनवाढीचा. त्यांची मागणी रास्त होती आणि हक्काचं मागायलाच हवं. मला वाईट वाटतं ते वेगळ्याचंच. पदरात पडलेल्या वाढीबद्दल त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी चकार शब्द ऐकला नाही.

याच गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला आहे. २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या एका वृत्तपत्रानं तिथल्या सरकारी नोकरांचे पगार संकेतस्थळावर टाकले. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना या संकेतस्थळाची माहिती कळवली, काहींना कळवली नाही, आणि नंतर दोन्ही गटांना प्रश्न विचारले. आपल्या विभागातल्या मधल्या पगारापेक्षा ज्यांचा पगार कमी होता, ते माहिती कळलेले लोक जास्त नाराज निघाले. दुसरी नोकरी शोधण्याचा विचारही त्यांच्यात वाढला. आणि ज्यांचा पगार जास्त होता, त्यांचं समाधान? ते वाढलं नाही. मला या साऱ्या विषयातलं हे सर्वांत मोलाचं निरीक्षण वाटतं. तुलनेत मागं पडलेल्याला टोचणी लागते, पुढं असलेल्याच्या पदरात काही पडत नाही. मग ही तुलना करायची तरी कुणाच्या भल्यासाठी?

कुणी म्हणेल, श्रीमंती आली की समाधान जातंच. तसंही नाही. स्वीडनमध्ये सोडतीत मोठी बक्षिसं मिळालेल्यांना ५ ते २२ वर्षांनी गाठून विचारलं गेलं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आयुष्याबद्दलचं त्यांचं एकूण समाधान इतकी वर्षं उलटूनही टिकून असल्याचं आढळलं. रोजच्या आनंदात मात्र तेवढा फरक पडलेला नव्हता. म्हणजे पैसा असणं एक आणि पैशामागं धावणं दुसरं. गाठीला पैसा असला की जिवाला स्वस्थता मिळते. धावणाऱ्याच्या गाठीला तो राहतच नाही.

कसा राहील? तरुण मुलगा नोकरी बदलतो, पगार वाढतो. पगार वाढला की बँकेच्या हिशेबी कर्जाची पात्रता वाढते, आणि पात्रता वाढली की दोन खोल्यांच्या जागी तीन खोल्या हव्याशा वाटतात. वीस वर्षांचा हप्ता सुरू होतो. नव्या सोसायटीत शेजारी असतात ते त्याच्याहून वरच्या पगाराचे. साहेब रात्री दहाला फोन करतो, रविवारी बोलावतो. काम नकोसं झालेलं असतं, पोरं झोपल्यावर घरी पोचणं होतं. पण हप्त्याची तारीख पाच आहे आणि राजीनामा लिहिण्याची त्याची प्राज्ञा नाही. जुन्या, कमी पगारात ती होती.