तीन थेंब, बुलढाण्याचे

आजचा विषय आहे जमीन. सातबाऱ्यावरची नाही, पायाखालची. पाणी, वारा आणि बर्फ पृथ्वीचा पृष्ठभाग घडवतात, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पाच मार्कांचा प्रश्न असायचा. पण त्या पुस्तकात उदाहरणं कुठली होती? सहारा, आल्प्स, अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन. आज मी ती सगळी बाजूला ठेवतोय आणि फक्त बुलढाणा जिल्ह्यावर पडणाऱ्या पावसाच्या तीन थेंबांमागे जातोय. हेडफोन लावा, चला.

बुलढाण्याहून मोताळ्याकडं उतरताना राजूर घाट लागतो. ही अजिंठ्याची डोंगररांग. तिच्या माथ्यावर दोन थेंब शेजारी शेजारी पडले असं समजा. एक उत्तरेला घरंगळला. तो नळगंगेतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. दुसरा दक्षिणेला गेला, पैनगंगेत. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, आणि देशाच्या दोन टोकांना पोचले.

पण ते रिकाम्या हातानं जात नाहीत. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि दगडातल्या खनिजांना हळूहळू फोडतं. दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मग मुरूम होतो, आणि मुरमाची शेवटी चिकणमाती. उन्हाळ्यात भेगा पडणारी, पावसात फुगणारी आपली काळी माती ती हीच. एवढी एक सेंटीमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिल्या थेंबानं नेलेली माती पूर्णेच्या खोऱ्यात साचली. घाटाखालचा मलकापूर, शेगाव, संग्रामपूरचा सपाट पट्टा बघा. काही ठिकाणी तिथं गाळाची जाडी शेकडो मीटर आहे. जमीन सोन्यासारखी, पण यातल्या बऱ्याच भागात विहिरीचं पाणी खारं. म्हणून तर त्याला खारपाणपट्टा म्हणतात. वर पीक जोमात आणि खाली पाणी असून नसल्यासारखं.

दुसरा थेंब जास्त लांबचा. पैनगंगा आपल्याकडं उगम पावते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. त्या संगमाजवळ इरई नावाचं गाव आहे. तिथं नदीच्या पात्रात चुनखडकाची फरशी उघडी पडलीय आणि तिच्यावर समांतर ओरखडे आहेत. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या फेडन या भूवैज्ञानिकानं १८७५ मध्ये त्यावर लिहिलं. ओरखडे कशाचे? बर्फाचे! सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी गोंडवन या महाखंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती. हिमनदी सरकताना तिच्या तळाशी अडकलेले दगडगोटे खालचा खडक खरवडत जातात, पॉलिश पेपरनं लाकूड घासावं तसे. विदर्भात, जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथं बर्फाची ही सही! आपला काळा दगड तर तेव्हा जन्मालाही यायचा होता. नंतर हे ओरखडे मातीदगडाखाली गाडले गेले आणि पाण्यानं ते पुन्हा उघडे केले.

आता तिसरा थेंब. हा कुठल्याच समुद्राला जात नाही. तो लोणारच्या विवरात पडतो.

लोणार म्हटलं की सगळे उल्केचीच गोष्ट सांगतात. ती काही क्षणांत संपली. मला त्यानंतरची गोष्ट जास्त मोठी वाटते. विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच. खाली तळं आहे, पण तळ्याचा तळ हा विवराचा खरा तळ नाही. शास्त्रज्ञांनी तिथं ड्रिलिंग केलं, तेव्हा जवळपास शंभर मीटर गाळ लागला आणि त्याखाली आघातानं फुटलेला दगड. तो गाळ आणला कुणी? पाण्यानं. ईशान्येच्या काठावर धार आहे ना, तिथं ओढ्यानं काठ चिरून घळ पाडलीय आणि खाली मातीचा पंखा पसरलाय. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ते वाफ होऊन उडतं आणि क्षार मागं ठेवतं. म्हणून तळ्याचा सामू दहाच्या आसपास.

विवराच्या वयावर अजून वाद आहे. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापट फरक! पण कुठलंही धरा, तेवढ्या काळात पाण्यानं विवर बरंच भरत आणलंय. चंद्रावर पाणी नाही, वारा नाही, म्हणून तिथं अब्जावधी वर्षांपूर्वीची विवरं टिकून आहेत. मंगळावर आज पाणी वाहत नाही, तिथं वारा वाळू सरकवत बसलाय. आणि पृथ्वीवर? आजवर पक्की ओळखलेली विवरं दोनशेच्या आसपास. बाकीची पुसली गेली. आपल्या जिल्ह्यात वाऱ्याचं काम तसं फुटकळ. एप्रिल-मेमध्ये नांगरलेल्या वावरावरून वावटळ धूळ उचलते, तेवढंच. इथला मालक पाणीच.

आणि हा मालक फक्त लाखो वर्षांच्या हिशोबात काम करत नाही. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत काय पाऊस झाला, आठवत असेल. त्यानंतर पंचनाम्यात एक शब्द येतो, ‘खरडून गेलेली जमीन’. पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. जमीनच खरडली तर? वीतभर माती गेली म्हणजे किती वर्षांची गेली, तो मघाचा आकडा घेऊन तुम्हीच गुणाकार करा. नुकसानभरपाई रुपयांत मिळते, आणि मिळायलाच हवी, पण माती रुपयांत येत नाही.

धोक्याचे दिवस ठरलेले आहेत. जूनअखेर सोयाबीनची पेरणी झालेली, जमीन उघडी, आणि टपोरे थेंब थेट ढेकळावर. माती फुटते, वरचा थर बंद होतो, पाणी मुरत नाही, वाहतं. उताराला आडवी पेरणी केली, धुऱ्याला गवत राखलं, रुंद वरंबा-सरी काढली, तर पाण्याचा वेग मोडतो. जुनीच गोष्ट आहे. पण ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोपे पडतात, मग उताराच्या दिशेनंच पेरणी होते. शंभर मीटर जास्त वळावं लागतं म्हणून!

गेलेली माती कुठं जाते? बरीचशी तलावात. २०१८ साली बुलढाण्यात ‘सुजलाम सुफलाम’ मोहिमेत तलावांतला गाळ जेसीबीनं काढून शेतकऱ्यांनी वावरात टाकला. पाण्यानं खाली आणलेलं डिझेल जाळून परत वर न्यायचं. खर्च कुणाचा, फायदा कुणाचा, यावर एक वेगळा एपिसोड होईल.

तोवर एवढं करा. पहिल्या जोरदार पावसानंतर गावच्या नाल्याचा फोटो काढा आणि मला पाठवा. सोबत लिहा, पाण्याचा रंग काय होता आणि वरच्या अंगाला कुणाचं वावर आहे. भेटू पुढच्या भागात.