पोलिसांचाही वीस वर्षांचा आराखडा हवा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



महापालिकेला शहराचा विकास आराखडा करावा लागतो, हे आपण सगळे जाणतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याने ते बंधन घातले आहे. मुंबईचा आराखडा 2034 सालापर्यंतचा आहे. लोकसंख्या किती होईल, रस्ता कुठे रुंद करायचा, शाळा आणि दवाखाना कुठे हवा, याचा वीस वर्षांचा विचार त्यात असतो. तो लोकांपुढे ठेवला जातो. आपण हरकती घेतो, सूचना देतो, प्रसंगी भांडतोही.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. याच शहराची राखण करणाऱ्या पोलीस दलाचा वीस वर्षांचा आराखडा तुम्ही कधी पाहिला आहे का? त्यावर कधी हरकत नोंदवली आहे का?

मोठ्या कंपन्यांत अशा विचाराला कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी म्हणतात. शब्द भारदस्त असला तरी मतलब साधा आहे. आज आपण कुठे आहोत, दहा-वीस वर्षांनी कुठे असायला हवे आणि तिथवर पोचायला माणसे, पैसा व कौशल्य कुठून आणायचे, हे आधी ठरवणे. पोलीस दल म्हणजे काही कंपनी नव्हे. त्याला नफा कमवायचा नाही. पण म्हणून उद्याचा विचारच करायचा नाही, असे थोडेच आहे?

तहान लागल्यावर विहीर खोदली की काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्याला पोलीस आयुक्तालय मिळाले 1965 साली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली 1982 साली. कारखाने आले, वसाहती उभ्या राहिल्या, नंतर माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. हे सारे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडत होते. तरी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले 2018 साली, म्हणजे महापालिकेनंतर तब्बल 36 वर्षांनी. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारलाही स्वतंत्र आयुक्तालयासाठी 2020 साल उजाडावे लागले.

असे का होते? पोलिसांना अक्कल नसते म्हणून नव्हे. त्यांचा सगळा दिवस आजच्या कामातच संपतो म्हणून. गणपती झाले की नवरात्र, मग 6 डिसेंबर, मग 31 डिसेंबर, मध्येच मोर्चे, सभा आणि मंत्र्यांचे दौरे. बंदोबस्त संपत नाही आणि तपासाच्या फायली टेबलावर पडून राहतात. म्हणूनच प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करा, आणि त्याची सुरुवात दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांपासून करता येईल.

दूरचा आराखडा करायचा तर मला त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट माणसांची. आज विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. म्हणजे आजची भरती हा पुढच्या 38 वर्षांचा निर्णय आहे. त्याला केवळ धावता येते का, एवढे पाहून कसे चालेल? आज चोर खिडकीतून कमी आणि मोबाइलमधून जास्त येतो. ऑनलाइन फसवणुकीत पहिले काही तास निसटले, की पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरून नाहीसे होतात. त्यासाठी 1930 हा मदत क्रमांक आहे, पण त्यामागे जाणकार माणूसही हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद केली, आणि ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. असे तज्ज्ञ एका वर्षात तयार होत नाहीत. ते आतापासून घडवावे लागतात.

आणि हा माणूस थकलेला नको. बारा-बारा तासांची ड्यूटी, त्यावर कल्याण-बदलापूरचा लोकल प्रवास, हे करून आलेल्या हवालदाराने रात्री आलेल्या तक्रारदाराशी गोड बोलावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? त्याचे घर ठाण्यापासून किती लांब आहे, हाही धोरणाचाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. कंपनीचा नफा मोजता येतो. पोलिसांचे काय मोजायचे? सहज सुचणारे उत्तर म्हणजे नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा. पण इथेच मोठा धोका आहे. गुन्हे कमी दाखवा, असे वरून सांगितले गेले, तर त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्रारच न लिहिणे. एखादी बाई मारहाणीची किंवा चोरीची तक्रार घेऊन येते आणि एन.सी. लिहून तिची बोळवण होते. कागदावर शहर सुरक्षित होते आणि ती बाई मात्र होती तितकीच असुरक्षित घरी जाते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली बजावले आहे. तेव्हा आराखड्यात उद्दिष्टे वेगळी हवीत. फोन केल्यावर मदत किती वेळात आली? तक्रार पहिल्याच खेपेला लिहून घेतली का? तपास कुठवर आला, हे तक्रारदाराला कोणी कळवले का? असे मोजले, तर सुरुवातीला गुन्ह्यांचा आकडा वाढेल. तो वाढू द्यावा. लोक पोलिसांकडे येऊ लागले, याचीच ती खूण असेल.

तिसरी गोष्ट सातत्याची. मुंबईत 2016 साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. विशेष म्हणजे ती कल्पना एका पोलीस शिपायाकडूनच आली होती. प्रयोग इतर ठाण्यांत गेला. पुढे साथीच्या काळात त्याची घडी विस्कटली आणि 2022 साली त्यासाठी पुन्हा नव्याने आदेश काढावे लागले. मार्च 2020 ते जुलै 2022 या काळात मुंबईच्या आयुक्तपदावर चार अधिकारी येऊन गेले. कोणाही एकाला दोष देण्याचा प्रश्न नाही. पण चांगली कल्पना खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर बदलीच्या आदेशाबरोबर तिचाही निरोपसमारंभ होतो.

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. 2006 च्याच निकालात मोक्याच्या जागांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कालावधी द्या आणि राज्य सुरक्षा आयोग नेमा, असे न्यायालयाने सांगितले. पोलिसांसाठी व्यापक धोरण आखणे आणि त्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन करणे, हे या आयोगाचे काम. त्याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा. महाराष्ट्राने 2014 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून असा आयोग आणलाही. म्हणजे चौकट तयार आहे. त्या चौकटीत प्रत्येक मोठ्या शहराचा आराखडा बसवायचा आहे. तो आयुक्तांच्या कपाटात राहू नये. वॉर्डावॉर्डांत लोकांपुढे यावा, त्यावर हरकती घेता याव्यात आणि दर वर्षी किती पल्ला गाठला, हे जाहीर व्हावे.

काही जण म्हणतील, उद्या कोणता गुन्हा होईल हे कोणाला ठाऊक? खरे आहे. पण पाऊस नेमका कोणत्या दिवशी पडेल हे ठाऊक नसतानाही शेतकरी बी-बियाणे भरून ठेवतोच ना! शहर कुठे वाढणार, हे आपल्याला माहीत आहे. एकटे राहणारे वृद्ध वाढणार, रात्रपाळीला जाणाऱ्या मुली वाढणार, पैशांचे व्यवहार मोबाइलवर होणार, हेही माहीत आहे. तयारीला एवढे पुरेसे आहे.

पुढच्या वेळी नगरसेवक किंवा आमदार मत मागायला दारात येतील. रस्त्याचे आणि नळाचे जरूर विचारा. त्याबरोबर एवढेही विचारा, की आमच्या ठाण्यात दहा वर्षांनी किती माणसे असतील, त्यांना काय येत असेल आणि हे कोणी, कुठे लिहून ठेवले आहे?