सोयरीक जुळविताना रक्तही पाहावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समारंभाच्या दिवशी मी नेहमी आत स्वयंपाकाकडे असते. आज चिटणीसबाईंनी मला बाहेर आणून उभे केले, कारण गेली दोन वर्षे सिकलसेलविषयी मी आशाताईंना आणि डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून भंडावले आहे. जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते. चुकले तर डॉक्टरीणबाई इथेच आहेत.

सिकलसेल हे नाव आपल्या विदर्भात नवे नाही. एखादे मूल सारखे फिक्के दिसते, हातपाय धरून रडते, थंडीत किंवा तापात सांधे ठणकतात. मग कोणी वात म्हणते, कोणी नजर लागली म्हणते. खरी गोष्ट रक्तात असते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक शिरांत अडकतात आणि तिथे कळा येतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त उरत नाही. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहू नये. लोह खरेच कमी आहे का, हे तपासून मगच द्याव्यात.

हा आजार अमुक एका जातीचा, अमुक एका वस्तीचा, असे आपल्याकडे हळू आवाजात बोलतात. मला ते बोलणे आवडत नाही आणि ते खरेही नाही. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी 1910 मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा रोगी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला तरुण होता. आपल्या देशात 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या लोकांत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ, अशा हिवताप फार असलेल्या अनेक भागांत हा दोष आढळतो. ज्याच्या रक्तात तो एकाच बाजूने आलेला असतो, त्याला हिवतापाने मरण्याची भीती कमी असते. म्हणून अशी माणसे जगली, त्यांचा वंश वाढला आणि दोषही राहिला.

आता मुख्य गोष्ट. येताना मी दोन वाट्या आणल्या आहेत. प्रत्येकीत एक पांढरा वाटाणा आणि एक काळा चणा आहे. ही वाटी आईची, ही बापाची. काळा चणा म्हणजे सिकलसेलचा दोष. ज्याच्या वाटीत एकच काळा, त्याला वाहक म्हणतात. तो खातोपितो, शेतात राबतो. सहसा त्याला काही होत नाही. मूल होताना दोन्ही वाट्यांतून डोळे मिटून एकेक दाणा उचलायचा. दोन्ही काळे आले तर मूल आजारी. चारात एक वेळ तसे येण्याचा संभव असतो. पण एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब करू नये. प्रत्येक बाळंतपणाला वाट्या नव्याने भरतात. आणि एका वाटीत दोन्ही पांढरे असतील, तर दुसऱ्या वाटीत एक काळा असूनही आजारी मूल होत नाही. फार तर वाहक होते.

हे मी का सांगते? माझी थोरली मुलगी वाहक आहे. मी स्वतः वाहक आहे. तिच्या वडिलांचे रक्त निर्दोष आहे. चारचौघांत हे प्रथमच बोलते आहे. गेल्या वर्षी तिला एक चांगले स्थळ आले होते. आम्ही कार्ड लपविले नाही. ते पाहून पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. यजमानांनी इतकेच विचारले, मुलाचे रक्त तपासले आहे का? तो त्यांना अपमान वाटला. आता सांगा, मुलगा निर्दोष असता तर भीती कशाची होती? आणि तोही वाहक असेल, तर कार्ड न दाखविणाऱ्या दुसऱ्या मुलीशी लग्न करून ते सुटले का? दाखला फक्त मुलीकडे मागायचा, ही कुठली रीत? पुढे मूल आजारी निघाले की बोल सुनेलाच. दोन्ही वाट्यांतून दाणा आल्यावाचून मूल आजारी होत नाही, हे सासवांनी ध्यानात घ्यावे. मी उद्या सासू होणार आहे, म्हणून मलाही हे बोलण्याचा हक्क आहे.

तपासणी सोपी असते. बोटाच्या थेंबभर रक्ताने रक्तात दोष आहे की नाही एवढे कळते. वाहक की रोगी, हे दुसऱ्या तपासणीने ठरते. दोघेही वाहक असून लग्न झालेच असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांकडे जावे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. गर्भाचे लिंग सांगणे कायद्याने गुन्हा आहे. पण रक्ताच्या अशा आजारासाठी तपासणीला 1994 च्या त्याच कायद्यात मुभा आहे. मूल आजारी असेल तर त्याला भरपूर पाणी पाजावे, थंडीत जपावे, तापाकडे दुर्लक्ष करू नये. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने कळा कमी येतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायचे असते.

आणखी एक नवलाची गोष्ट. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण गर्भातले रक्तद्रव्य त्याच्या अंगात उरलेले असते. त्यावरूनच शास्त्रज्ञांनी उपाय काढला. रोग्याच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यातली एक कळ बंद करून, ते बाळपणीचे रक्तद्रव्य पुन्हा सुरू करतात. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या लेकुरवाळ्या बाईंवर 2019 मध्ये तो उपचार झाला. 2023 च्या अखेरीस ब्रिटनने व अमेरिकेने त्याला मान्यता दिली. तिथे त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली! आधी मज्जा रिकामी करण्यासाठी कडक औषधेही सोसावी लागतात. आपल्या मुलांपर्यंत तो कधी पोचेल तेव्हा पोचो. थेंबभर रक्त आजही देता येते. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या हळदीकुंकवाला आशाताई तपासणीचे सामान घेऊन येणार आहेत. वाण मिळेलच, पण येताना लग्नाच्या वयाच्या मुलींबरोबर मुलांनाही आणा. माझ्या धाकट्या मुलाचे नाव मी वहीत पहिले घातले आहे. तो लाजतो आहे, तरी येईल. वही सतरंजीच्या त्या टोकाला ठेवली आहे.