दमा : एका शब्दाची कुळकथा

मुरुडच्या समुद्रांतील जंजिरा किल्ल्याचें नांव अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, या शब्दावरून आलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु राजपुरीच्या धक्क्यावर होडी लावून वृद्ध कोळी ‘दम लागला’ म्हणतो, तेव्हां तोहि परमुलखांतून आलेलाच शब्द उच्चारीत असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

फारसींत ‘दम’ म्हणजे श्वास आणि ‘दमा’ म्हणजे श्वासाचा विकार. इ. स. १३४७ मध्यें बहामनी राज्य स्थापन झालें. फारसी दरबारी भाषा झाली, आणि तिचे शेंकडों शब्द मराठींत रुळले. ‘एकदम’ म्हणजे एका श्वासांत. शमदमांतील ‘दम’ मात्र निराळा. तो संस्कृत असून त्याचा अर्थ निग्रह.

तथापि हा पाहुणा अगदींच परका नव्हे. फारसी ‘दम’ आणि फुंकणें या अर्थाचा संस्कृत ‘ध्मा’ धातु हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर होत. आपली ‘धमनी’ त्याच कुळांतली.

दम्याचें जुनें नांव ‘तमकश्वास’. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. ‘तमक’मध्यें तमस्, म्हणजे अंधार आहे, श्वास कोंडला कीं रोग्याच्या डोळ्यांपुढें अंधारी येते. निजल्यानें त्रास वाढतो, बसल्यानें उतार पडतो, ढगाळ व थंड हवेंत विकार बळावतो, हेंहि तेथें नमूद आहे. उलट, श्रमानें लागणारा व विसांव्यानें शमणारा तो क्षुद्रश्वास. ग्रीकांच्या ‘अस्थमा’ शब्दाचाहि अर्थ धापा टाकणें असाच.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाहीं. प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. हृदय दुबळें झाल्यानें किंवा अंगांत रक्त कमी असल्यानेंहि धाप लागते. ‘जुना दमा आहे’ असें म्हणून घरींच काढे देत बसल्यास हृद्रोग्याचा मोलाचा वेळ जातो. याच्या उलट, उपवर मुलीच्या दम्याला आईबाप ‘सर्दीची प्रकृति’ म्हणतात आणि श्वासावाटे घ्यावयाचें औषध तिला लपून घ्यावें लागतें. त्या औषधानें आज हा विकार पुष्कळसा आटोक्यांत राहतो. पण तें नियमानें घेतलें तरच.

म्हणून डॉक्टरांकडे जातांना रोगाचें नांव ठरवून जाऊं नये. धाप चढतांना लागते कीं पाठ टेकतांना, रात्रीं कीं पावसाळी हवेंत, पाय सुजतात कीं काय, एवढें नीट सांगावें. नांव काय द्यावयाचें तें डॉक्टर ठरवतील.