थकलेल्यांचं घरकुल कोण बांधणार?

परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालं की पिंगळी लागतं. पिंगळीतल्या, तुमच्या-माझ्या कुठल्याही गावातल्या वृद्ध आणि दिव्यांगांना एक गोष्ट सांगायची आहे.

प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, 2016 साली सुरू झाली. सपाट भागातल्या घरकुलासाठी केंद्र-राज्याचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये, घर किमान 25 चौरस मीटरचं. पैसे हप्त्याहप्त्याने खात्यात येतात, पण काम पुढे सरकलं तरच. बांधकाम लाभार्थ्यानेच करून घ्यायचं. इथेच गाडी अडते. अंथरुणाला खिळलेल्या आजीने वाळू कुठून आणायची? काठीच्या आधाराने चालणाऱ्याने गवंड्यामागे किती धावायचं?

याचं उत्तर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. स्वतः बांधून घेणं शक्य नसलेल्या वृद्ध, दिव्यांगांचं घर गवंडी प्रशिक्षणात घेता येतं. तेही जमलं नाही, तर ग्रामपंचायतीमार्फत त्यांना मदत मिळेल हे राज्याने पाहायचं असतं. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे.

शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार घरांच्या योजनांत 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी योजना आहेच. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला अर्थसाहाय्य मिळतं.

शेजारी असं कुणी असेल, तर त्यांचा अर्ज घेऊन तुम्हीच ग्रामपंचायतीत जा.