बार्शीपासून हेगपर्यंत : संशोधन आपल्या दाराशी

(सोलापुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



गणित, खगोलभौतिकी, कर्करोगाचं वैद्यक आणि आंतरराष्ट्रीय कायदा, हे चार विषय एकाच भाषणात कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नासा येते, ऑक्सफर्ड येतं. आणि घरी संशोधनाचं नाव काढलं की अब्बू विचारतात, "ते ठीक आहे, पण नोकरी कधी लागणार?" मी स्वतः इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळं हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पण या चारही विषयांतली मोठी कामं आपल्या महाराष्ट्रात किंवा त्याच्या सीमेला लागून झालेली आहेत. ती कशी झाली, ते आज सांगतो.

आधी गणित. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. फर्ग्युसनमधून पदवी घेतलेली, पुढची पदवी नाही. त्यांना आकड्यांचा नाद होता. त्यांनी १९४९ साली एक गंमत जगासमोर ठेवली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा.

आपण सोलापूरकर आहोत, तर १९३१ घेऊ. त्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. ९३११ वजा ११३९ म्हणजे ८१७२. पुढं ७४४३, मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथंच येता. आज मी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळ्या संख्या डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासू शकतो. कापरेकरांकडं पेन्सिल होती. बऱ्याच जणांनी याला पोरखेळ म्हटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. तोवर मास्तर निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली होती.

आता आकाश. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं निघालात की नारायणगावजवळ खोडद लागतं. तिथं जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याचा जोर सांभाळायला प्रचंड लोखंड लागलं असतं. या दुर्बिणीला पकडायच्या लहरी लांब असतात, त्यांना बारीक तारेची जाळीसुद्धा आरशासारखी चालते. म्हणून स्टीलच्या तारांची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी.

जून २०२३ मध्ये याच दुर्बिणीच्या नोंदी वापरून भारतीय गटानं युरोपीय गटाबरोबर निष्कर्ष मांडला. पल्सार नावाचे तारे घड्याळासारखे ठोके देतात. त्या ठोक्यांच्या वेळेत पडणारे अतिसूक्ष्म फरक मोजून, विश्वात अतिशय मंद गुरुत्वीय लहरी पसरलेल्या असल्याचा पुरावा त्यांनी दिला. पक्का शोध म्हणायला जेवढी सांख्यिकीय खात्री लागते तेवढी अजून मिळालेली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. वर्षानुवर्षं खपल्यावर असं लिहायला हिंमत लागते.

तिसरा विषय अगदी आपल्या जिल्ह्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचं नाव तुम्ही ऐकलं असेल, काहींच्या घरचं कुणी तिथं गेलंही असेल. १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावागावांत माणसं जायची, कुणाला कर्करोग झाला, कधी कळला, पुढं काय झालं, हे विचारून लिहून ठेवायची. या चौकशीतूनच लोकांना लक्षणं कळली आणि बायका आजार वाढायच्या आत दवाखान्यात यायला लागल्या.

या पायावर पुढं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. बार्शीची मंडळी, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. प्रश्न असा होता : गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू कुठल्या तपासणीनं कमी होतील? गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत केली. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ मृत्यू, तर जवळपास तेवढ्याच संख्येच्या चौथ्या गटात ६४. परंड्या-भूमच्या भागातल्या बायकांनी दिलेलं हे उत्तर साऱ्या जगाच्या उपयोगी पडलं.

पण इथं थांबायला हवं. त्या चौथ्या गटातल्या बायकांना माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही. हे न्यायाचं होतं का, यावर पुढं जाणकारांत कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणते, एरवी त्या गावांत तपासणी नव्हतीच, आणि तुलना केल्याशिवाय खरं कळलं नसतं. दुसरी म्हणते, तपासणीचा उपयोग होतो हे आधीच माहीत होतं, मग या बायकांना का वगळलं? मला दुसऱ्या बाजूत वजन वाटतं. पण माझ्या मतापेक्षा महत्त्वाचं हे की असे निर्णय होतात तेव्हा त्या टेबलाभोवती गरीब घरांतली, आपल्या मोहल्ल्यांतली शिकलेली मुलंमुली बसलेली असली पाहिजेत. ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्यातून संशोधक निघत नाहीत, तोवर हा प्रश्न बाहेरचेच सोडवत राहणार.

चौथा विषय कायदा. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून सुटली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला : दमणहून तिथं जाण्याचा आमचा हक्क भारतानं मोडला. या खटल्यात भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे महमदअली करीम छागला. वाद जाऊन पोहोचला पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहापर्यंत. पोर्तुगाल म्हणत होता, मराठ्यांनी आम्हाला या गावांचं राज्य दिलं. न्यायालयानं तहाचे वेगवेगळे पाठ आणि १७८३ व १७८५ च्या सनदा तपासल्या आणि सांगितलं की दिला होता तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल, म्हणजे सरंजाम. राज्य नव्हे.

तरी भारताचं सगळं म्हणणं मान्य झालं नाही. पुढं इंग्रजांच्या काळात पोर्तुगीज सत्ता मान्य केली गेली होती आणि ये-जा चालू होती, म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाटेचा हक्क होता असं ठरलं, सैन्य आणि शस्त्रांचा मात्र नाही. आणि भारतानं आपलं कर्तव्य मोडलं नाही, असंही ठरलं. जुन्या कागदातला सरंजाम हा एक शब्द नीट वाचता येणं किती मोलाचं असतं, ते यावरून बघा.

आपल्या सभांत विज्ञानाचा विषय निघाला की अल-ख्वारिझ्मी, इब्न सिना यांची नावं येतात. यावीत. माझ्या धंद्यातला अल्गोरिदम हा शब्द ख्वारिझ्मींच्याच नावावरून आला. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर आज कुणाला पीएचडी मिळत नाही. नोंद ठेवणं, दुसऱ्याला तपासता येईल असं लिहिणं, उत्तर मनाविरुद्ध आलं तरी ते तसंच मांडणं, या सवयी आजच लावाव्या लागतात.

अडचणी खऱ्या आहेत. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्रानं २०२२ मध्ये बंद केली. राज्यात अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तिच्यातून प्रत्यक्ष किती विद्यार्थ्यांना पैसे मिळतात, हे विचारत राहणं आपलं काम आहे. माहितीचा अधिकार आहे, तो वापरा.

आणि आजपासून करता येण्यासारखं सांगतो. हेगचे निकाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भौतिकी आणि गणिताचे शोधनिबंध 'अर्काइव्ह'वर खुले आहेत. जीएमआरटीच्या नोंदी ठराविक काळानंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरतं. चार जण मिळून एक गाडी करा आणि जा. आपल्या विषयातला एक मूळ निबंध घ्या, महिनाभर लागला तरी चालेल, पण तो समजेपर्यंत सोडू नका.

आणि आज घरी गेल्यावर अम्मी, खाला, मोठ्या बहिणी यांना विचारा, गर्भाशयमुखाची तपासणी कधी केली होती का. लाजायचं कारण नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या लाखभर बायकांनी आपल्यासाठी उत्तर शोधून ठेवलं आहे, ते निदान आपल्या घरापर्यंत तरी पोहोचू द्या.